बँकर

रविवारी पहाटे पावणेपाचला
कळव्याच्या गल्लीतून स्कूटर हातानंच ढकलत नेतो,
नाक्यापर्यंत चालू करत नाही,
तळमजल्यावरच्या टिल्लूकाकांची झोप सावध आहे.
बायको कुशीवर वळताना विचारते,
मालगाडीत कुणी ओळखीचं असतं का रे?
असतं.
पण ते सांगायचं तर क्रमांक सांगावे लागतात.

एक चहा शहापूरला, एक खर्डीला,
दुसरा नुसता बोटं शेकायला.
कसाऱ्याच्या पुढे रस्ता सोडून
उक्षीच्या जाळीतून खाली उतरलं
की कुंपणाच्या अलीकडे एक सपाट दगड.
इतक्या वर्षांत माझ्या मापाचा झालाय तो,
किंवा मी त्याच्या.

इथे रूळ सदतीस पावलांत एक पाऊल वर चढतो.
ऐकायला काहीच नाही.
पण न्हावाशेव्याहून निघालेले पंचेचाळीस डबे,
कुणाचे टायर, कुणाच्या फरशा,
त्या एका पावलाशी येऊन अडतात,
आणि कसाऱ्यात गाडीच्या शेपटाला
आणखी इंजिनं लावावी लागतात,
नुसती ढकलायला.
इगतपुरीला ती सोडवतात. मोकळी खाली येतात.
त्यांना बँकर म्हणतात.

बुधाजी खोडका, कीमन.
खांद्यावर पाना, हातात हातोडी,
जाताना डावा रूळ, येताना उजवा.
पहिल्या वर्षी त्याने मला हटकलं होतं,
दुसऱ्या वर्षी काडेपेटी मागितली.
मी म्हणालो, मीही बँकरच, ठाण्याला, सहकारी बँकेत.
तो दगडाला टेकून हसला. मग म्हणाला,
"मंग तुमी कुनाला ढकलता?"

त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.

सत्त्याण्णव साली मेहुण्याचा कॅमेरा मागून आणला होता.
छत्तीसचा रोल. एकतीस त्याच्या साखरपुड्याचे,
उरलेले पाच माझे.
चारांत तारा आणि आभाळ,
पाचव्यात तपकिरी इंजिन, कपाळ कापलेलं.
पुढे घाटातली वीज बदलली
आणि ती जातच भंगारात गेली.
त्या कपाळाचं मी काय देणं लागतो कोण जाणे,
पण रविवार त्यातच जातात.

फेब्रुवारीत बोगद्याच्या तोंडावर ऊन
आठ-वीसपर्यंत टिकतं. मग डोंगर ते ओढून घेतो.
आठ-बारा. आठ-चौदा.
आधी रूळ बोलतो, मग खडी, मग आपलं पोट.
बुधाजीने बाजूला होऊन पाना जमिनीवर ठेवला.
गाडी जाईपर्यंत तो पाना हातात धरत नाही,
का, ते विचारायचं राहून गेलंय.
इंजिन बाहेर आलं,
ऊन बरोबर कपाळावर.
घेतलं. क्रमांकासकट, काचेवरच्या धुळीसकट.

मग सवयीने डबे मोजले,
त्रेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस,
आणि मागची तीन.
दोघांच्या खिडक्या बंद.
तिसऱ्याच्या खिडकीत एक पोरगी, सहायक चालक,
दातांत पिन धरून अंबाडा घालत होती,
खाली सगळा घाट थरथरत असताना,
घरच्या आरशासमोर असावी तशी.
तिने मला पाहिलं.
पिन काढली नाही, फक्त भुवई उडवली:
काय?

कॅमेरा हातात होता. चालू होता.

लांबवर शिटी ऐकू आली तेव्हा
बुधाजीने पाना उचलला.
"हिला न्हाई काढली?"
ऊन गेलं, म्हणालो.
ऊन गेलं नव्हतं.

स्कूटरच्या सीटवर वही ठेवली.
तारीख, वेळ, पुढचं इंजिन, सगळं भरलं.
शेवटचा रकाना बँकरचा.
तिघांचे क्रमांक हातभर अक्षरांत समोरून गेले होते,
एकही वाचला नाही.

आमच्या बँकेत कोऱ्या रकान्यावर
आडवी रेघ मारायची असते,
नंतर कुणी काही लिहू नये म्हणून.

मी मारली नाही.