ते नाव, ती नाव

ओसच्या वाचनालयाच्या तळघरात, मंगळवारी सहाला,
आम्ही आठ जण जावा शिकतो.
बाहेर नोव्हेंबर, चारलाच विझलेला.
हीटरवर कुणाचा तरी लोकरी हातमोजा.

टुरून फळ्यावर लिहिते : होडी ह;
विचारते, किती होड्या झाल्या?
एक, म्हणतो सगळे. मीसुद्धा.
ओडवारखेरीज.

ओडवार एकाहत्तरचा. जन्मभर होड्या केल्या,
नखांत डांबर अजून आहे.
"एकही नाही. खुंटी ठोकलीत नुसती,
वर पाटी : इथे होडी बांधायची.
दोर कशाला अडकवू?"

टुरून हसते. खरंय, म्हणते.
तरी तो हट्टानं चालवून बघतो : ह.वल्हव();
लाल ओळ उमटते. नल.
चष्मा कपाळावर सरकवून तो तिच्याकडे बघत राहतो,
फेरीवर अवचित कुणी ओळखीचं दिसावं तसा.

मग, कुणी विचारलेलं नसताना :
"आर्नफिननं, माझ्या भावानं, सांगितली होती एक.
घाई इतकी, की पाटी आधी कोरून घेतली.
हावडिस. पाइनवर, सहा अक्षरं.
लाकूड मी दुसऱ्या गिऱ्हाइकाला वापरलं.
पुढच्या वर्षी करू म्हटलं.
पाटी शेडमध्ये आहे."

टुरूनला काय बोलावं सुचत नाही.
ती लिहिते : ह = नवी होडी();
आणि मेमरीत कुठेतरी, आम्हाला न दिसता,
फळीला फळी भिडते.
"झाली?" ओडवार म्हणतो. "मला चार महिने लागायचे."

माझ्या भाषेत, मी त्याला सांगते,
दोन्हींना शब्द एकच.
ते नाव. ती नाव.
तो दोन्ही म्हणून बघतो, जिभेवर घोळवत.
"मग तुमचा घोटाळा होत नाही?"
होतो की.

आठ वाजत येतात. त्याचं अजून चालूच :
"होडी आहे, पण तिला धरणारं नाव एकही उरलं नाही, तर?"
यंत्र येऊन झाडून नेतं, टुरून म्हणते, आपलं आपण.
"आणि नाव आहे, होडीच नाही?"
ते राहतं.
"कुठवर?"
महिरपी कंस मिटेपर्यंत.

ओडवार कोट चढवतो, टोपी शोधतो.
त्याच्या पडद्यावर सगळं जागच्या जागी,
शेवटचा कंस तेवढा टाकलेला नाही.
असं ठेवलंत तर चालणार नाही ते, मी म्हणते.
"माहीत आहे," म्हणतो,
आणि हीटरवरचा हातमोजा त्याचाच निघतो.