बादलीभर

सोलापूर रस्त्यावरच्या नर्सरीत
काशिद म्हणाले, "मोगरा न्या, मोगरा गरीब.
अनंताला लाडाची सवय असते."
मी अनंतच आणला,
रिक्षात मांडीवर बसवून, उंड्रीपर्यंत.

बारा इंची कुंडी. तळाला खापरं,
लाल माती, शेणखत,
आणि आमच्याकडचं पाणी,
म्हणजे टँकरचं,
ज्यानं बादलीच्या कडेला पांढरी रेघ उमटते
आणि डाळ शिजता शिजत नाही.
अनंतानं ते दोन महिने पिऊन पाहिलं.
मग पानं पिवळी केली,
शिरा तेवढ्या हिरव्या ठेवल्या,
नकाशात नद्या दाखवतात तशा.

कळ्या यायच्या. पीळ दिलेल्या,
टोक काढलेल्या पेन्सिलीसारख्या.
रात्री मोजायचे: नऊ.
सकाळी फरशीवर सहा.
आई फोनवर म्हणाली, ताक घाल.
घातलं. मुंग्या आल्या.
गंजका खिळा पुरला.
खिळा अजून आहे तिथेच.

एप्रिलात वरच्या बोत्र्यांचा एसी
आमच्या कठड्यावर गळायला लागला.
रात्रभर टप. टप.
सोसायटीच्या ग्रुपवर मी चार ओळी लिहिल्या.
त्यांनी अंगठा पाठवला.
अंगठाच दाखवला म्हणायचा.
शेवटी आवाज मरावा म्हणून
बादली ठेवली, तळाला जुनं फडकं टाकून.

सकाळी बादली अर्धी.
कडेला रेघ नाही.
ओतून द्यायला गेले, हात वळेना;
टँकरची पावती फाडणारा हात तो.
कुंडीत ओतलं.
उद्याही ओतलं. परवाही.

मे संपता संपता
तेल लावल्यासारखी पानं आली
आणि नवातली एक कळी
पडायचं विसरली.

उलगडली ती रात्री अकराच्या पुढे.
मी भांडी घासत होते,
हाताला साबणाचा वास,
आणि मागून कुणी येऊन उभं राहावं
तसा तो.
हात तसेच ओले घेऊन बाहेर गेले.
वरच्या कठड्यावर बोत्रेवहिनी वाकलेल्या.
चार महिन्यांत पहिलं वाक्य:
"काय लावलंय हो?"
"अनंत," म्हटलं.
तुमच्याच पाण्यावर, हे ओठांवर आलं होतं.
नाही बोलले.

थोड्या वेळानं वर खिडकी सरकल्याचा आवाज.
एसी बंद झाला.
शेवटचा थेंब बादलीत पडला,
मग पडेनाच.

मी अंधारात फडकं चाचपलं. जेमतेम ओलं.
झाडावर अजून दोन कळ्या आहेत,
पीळ दिलेल्या.
आणि वहिनी खिडकी उघडी टाकून झोपल्यात.