अंगी लागणं

थोरल्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर, माझं टेबल.
सकाळी साडेनऊला वॉर्डातून काचा आल्या:
नेमगोंडा भूपाल मगदूम, वय अठ्ठावन्न, गाव शिरोळ.
हिमोग्लोबिन चार पूर्णांक आठ.

काल त्यांना कुशीवर निजवून
कमरेच्या हाडात सुई घातली, तेव्हा ट्रे धरून मीच उभी होते.
डॉक्टर म्हणाले, ओढताना कळ येईल.
पाठीचे जुने स्नायू एकदा दोरासारखे ताठ झाले,
मग भिंतीकडे तोंड करून म्हातारा म्हणाला,
"मज्जा काढताय व्हय माझी? काढा.
जन्मभर केलीया. शिल्लक असंल थोडी."

चाळीस वर्षं तालमीत वस्ताद.
तांबड्या मातीत ताक, तेल, हळद मुरवून पोरं घडवलेली.
लेक दारात उभी राहून सांगत होती,
"खुराकात कसूर नाही, मॅडम. आठ महिने झाले,
खाल्लेलं अंगीच लागत नाही."

रंगवली, धुतली, वाळवली. थेंबभर तेल.

हाड बाहेरून दगड.
आत उद्यमनगर.

माझे आबा तिथं मोल्डर होते. रात्री नाक शिंकरलं
की रुमालावर काळी वाळू.
जेवताना एवढंच बोलायचे:
ओतकाम रसानं बिघडत नाही गं, घाईनं बिघडतं.

इथं नीट चाललं तर असं चालतं:
श्वास कमी पडला हे आधी मूत्रपिंडाला कळतं,
ते हाडाकडे चिठ्ठी धाडतं.
एका मूळपेशीच्या दोन होतात,
एक घर राखते, दुसरी कामाला लागते.
मधे एक पोक्त पेशी दाईसारखी बसलेली,
तिला बिलगून पिलं: आधी निळी, मग करडी, मग गुलाबी.
आणि शेवटी प्रत्येकीनं आपलं केंद्रक,
कुळाचा सगळा लेख,
बाहेर टाकून द्यायचा. दाई तो गिळते.
एवढं सोडलं तरच अंग लवचिक होतं,
केसाहून बारीक बोळातून वळता येतं.
एकशेवीस दिवस हेलपाटे.
मग प्लीहेत मोड, आणि लोखंड परत भट्टीला.
सेकंदाला वीस लाख.
मी 'वीस लाख' म्हणेस्तोवर आणखी वीस लाख.

वस्तादांची भट्टी विझलेली असेल वाटलं होतं.
विझली कुठली, जत्रा होती आत.
थोराड पेशी, अंगानं गुलाबी झालेल्या,
केंद्रक मात्र अजून बाळसं धरलेलं.
मिसरूड फुटलं, अक्कल नाही, तशी पोरं.
निम्मी दारापर्यंत पोचायच्या आत मरत होती.

लेक शब्दशः बरोबर होती.
जठर एक जीवनसत्त्व पुढं जाऊच देत नव्हतं.
ते सुईनं द्यायचं ठरलं. औषध लालभडक,
डाळिंबाच्या पाण्यागत. वस्ताद म्हणाले,
"रंग तरी बरोबर हाय."

आठव्या दिवशी बोटाचा थेंब घेतला.
जिथं हजारात पाच कोवळ्या पेशी नव्हत्या
तिथं शंभरात सतरा.
प्रत्येकीच्या अंगात निळ्या धाग्यांची जाळी,
टाके अजून काढायचे राहिलेत अशी.

जिना चढून आले स्वतः. दम लागला, पण आले.
"बघू दे की."
एक डोळा मिटून किती वेळ वाकून राहिले.
"यातली माझी कुठली?"
सगळ्या तुमच्याच, म्हटलं.
"कच्ची दिसत्यात."
दोन दिवसांत पिकतील.
"मग घाई करू नगंस त्यांची," म्हणाले,
डोळा न काढता.

जेवणाची सुट्टी झाली होती.
मी दिवा बंद केला नाही.