शेवटची सोळा पानं

चोडणच्या वाचनालयात पऱ्यांचा कप्पा सगळ्यात खाली,
डांबरगोळ्यांच्या वासाचा.
तिथून आणलेली ही माझी सातवी कादंबरी.
सगळ्यांत तेच असतं. सुट्टी, कुलूप लावलेली खोली,
आणि घरातल्याच कुणा बाईच्या पाठीवर
घडी घालून ठेवलेले पंख.
मोठ्यांना सगळं ठाऊक असतं.
मोठे म्हणतात, भात निवतोय, जेवा.

हिला कव्हर नाही. शेवटची सोळा पानं नाहीत.
परी-आई खिडकीत चढते, मागे वळते,
"मुलांनो, मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही की"
आणि पुढे नुसता दोरा, वाळलेली खळ.

मलपृष्ठावर तारखांची चिठ्ठी, जांभळे शिक्के.
सर्वांत वर, शाईच्या पेनाने:
वारिजा शाणू वेर्लेकर, इयत्ता दहावी.

वेर्लेकर आम्हीच. वाड्यावर दुसरं घर नाही त्या आडनावाचं.
शाणू आजोबा भिंतीवर, हारामागे.
बाबा जयवंत शाणू.
मग ही कोण, आमच्या आजोबांना
आपल्या नावात मधोमध घेऊन बसलेली?
मी बोटांवर मोजलं. दोनदा.

त्रेपन्नाव्या पानावर, परीला पंख फुटतात तिथे,
समासात पेन्सिलीने, त्याच अक्षरात:
पंख कशाला? फेरीला आठ आणे पुरतात.

रात्री विचारलं.
आईने हुमणाचं झाकण उघडून तसंच परत ठेवलं.
थोरल्या काकांनी टीव्हीचा आवाज वाढवला.
बाबांनी पुस्तक घेतलं
आणि पानं नाहीत तिथे अंगठा फिरवत राहिले.
"मी सात वर्षांचा होतो.
ती म्हणाली, शेवट मी नेते, जयू,
आले की वाचून दाखवीन."
एवढंच.
कुणाबरोबर, कुठे, का,
ते त्यांच्याकडेही फाटलेलंच असावं.
काका म्हणाले, भात निवतोय.

म्हणजे बाबा रोज पिशवी घेऊन धक्क्यावर जातात
ते नुस्त्यासाठी नव्हे.
साडेसहाची फेरी टेकते, फळी खडखडत पडते,
रायबंदरची माणसं उतरतात, स्कूटरी, पावाची टोपली,
कडेवर झोपलेलं एखादं पोर.
बाबा शेवटचा माणूस उतरेपर्यंत उभे.
मग रिकामी पिशवी हलवत घरी येऊन सांगतात,
आज नुस्तं महाग होतं.

आज मीही गेले.
पुस्तकाची मुदत कालच संपली,
दिवसाला रुपया दंड.
फेरी परत फिरली तेव्हा मी त्यांना तसं सांगितलं.

पाण्याकडे बघतच बाबा म्हणाले,
भरू.