दोन मिलिमीटर

जगात कुठलीच कड धारदार नसते, केकी सर म्हणायचे,
भिंतीची नाही, टेबलाची नाही, सुरीचीसुद्धा नाही.
म्हणून मी प्रत्येक कोपरा आधी दोन मिलिमीटर घासते
माउसने.
तेवढ्याशा गोलाईवर उजेड
बारीक रेघ होऊन थबकतो
आणि ठोकळ्याची इमारत होते.

सर पोस्टर कलरवाले. टूथब्रशवर अंगठा ओढून
ग्रॅनाइट शिंपडायचे. काच करायची तर आधी
काचेसमोर काय आहे ते विचारायचे.
"काचेला पोताचा रंग नाय, डीकरी,
ती समोरच्याचा उसना घेते."
आता आम्ही काचेला आकडा देतो, एक पूर्णांक बावन्न.
उसनवारी तीच.

शिवडीची साइट. बेचाळीस मजले, त्यातला एकही अजून नाही.
खड्ड्यात पाणी, पाण्यात पंप,
पत्र्यावर वाळणारं कुणाचं तरी बनियन.
मला हवे होते फेब्रुवारीतले सकाळचे पावणेआठ,
खाडीपलीकडून, रिफायनऱ्यांच्या धुरक्यातून
गाळून आलेलं पिवळट ऊन.
तयार आकाश लावलं तर ते परक्या देशाचं निघालं,
इतकं निळं की इमारतच लाजली.
मग सूर्य उचलला, अंशाअंशाने फिरवला,
लांबच्या टॉवरांवर धूळ चढवली, जवळच्यांवर कमी.
या शहरात अंतर धुळीनेच कळतं.

मग मळ. मळाशिवाय खरं काही दिसत नाही.
खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून ओघळ,
एसीच्या नळीखाली गंजाची जीभ,
लिफ्टच्या बटणाभोवती बोटांचा तेलकटपणा,
आणि लॉबीतली एक फरशी केसभर कलती,
म्हणजे तिच्यातला दिवा जरा मोडून पडतो.
दोन दिवस गेले त्या एका फरशीत.

माणसं मात्र विकतची, ओव्हरकोटातली,
त्यांच्या सावल्या भलत्याच दिशेला.
म्हणून आमच्या गाळ्याचा लिफ्टमन,
झिलू परब, त्याला गच्चीवर नेलं, पावणेआठलाच.
"हात खंय ठेवू?" म्हणाला.
कुठेही, म्हटलं. पण उजवा आपसूक वर आला,
अर्धा, लिव्हरच्या उंचीला, आणि तिथेच राहिला.
तसाच उभा केला त्याला लॉबीच्या दारापुढे.

मार्केटिंगच्या मृण्मयीचे लाल गोल आले.
ओघळ काढा. गंज काढा.
फरशी सरळ करा.
हा माणूस कोण? काढा.
खरं दिसू दे, पण इतकं नको.

काढलं. सगळं काढलं. ओघळ पुसताना
आपलंच घर आवरत असल्यासारखं वाटलं, पाहुण्यांसाठी.
झिलूपाशी आले. त्याच्या नावापुढे दोन चौकटी असतात:
कॅमेऱ्याला दिसावा. काचेला दिसावा.
पहिलीतली खूण काढली.
दुसरी राहिली. राहिली म्हणजे,
मी ठेवली.

रात्रभर मशीन घरघरत होतं. आधी नुसते दाणे,
रव्यासारखे, मग हळूहळू निवत गेलेले.
सकाळी लॉबीपुढे कुणी नव्हतं
आणि काचेत एक माणूस होता,
हात अर्धा वर.
मृण्मयीने मंजूर केलं. चाळीस फुटी फ्लेक्स लागला.

रविवारी झिलू बघायला आला, इस्त्रीचा शर्ट घालून,
सोबत सून. डावीकडून तिसरी काच, मी दाखवली.
बराच वेळ बघत राहिला, मग एक पाऊल मागे,
मग पुन्हा पुढे.
"मी आत आसंय की भायर?"

मी सांगायला गेले, की काचेतला माणूस
बघणाऱ्याच्या पाठीमागे कुठेतरी उभा असतो,
म्हणजे साधारण इथे, या खड्ड्याच्या काठावर,
पण तोवर तो मजले मोजायला लागला होता.
"लिफ्टा किती?"
सहा.
"चलवतलो कोण?"
ऑटोमॅटिक, म्हटलं.
त्याने मान हलवली. पंप चालू होता.
फ्लेक्सच्या वरच्या कडेचा निळा
उन्हाने एव्हाना उडायला लागला होता.