मुंढ्याची शिवण

वूच शहरात, ट्रामच्या रस्त्याला लागून
अर्ध्या तळघरात आमचं दुकान.
खिडकीतून दिसतात ती नुसती पावलं,
म्हणून गेनोव्हेफाबाई माणसं ओळखते
पँटच्या खालच्या दुमडीवरून.
'बघ, हेमला मशीन मारलंय. टाच अडकणार.'
चार दिवसांनी तीच पँट
पायऱ्या उतरून, पिशवीतून येते.

आमच्या भाषेत या शहराचं नाव म्हणजे होडी.
नदी कधीच पाइपात घातली, वर रस्ते केले.
मशीनच्या पोटात बॉबिन धरते त्या डबीलाही
आम्ही छोटी होडी म्हणतो.
तेवढी एक अजून हलते.

पहिला महिना तिनं मला फक्त उसवायला बसवलं.
मग कच्चा टाका:
'लांब घाल. गाठ नको.
जाणाऱ्याला कशाला बांधतेस?'
मग साखळी:
'एक टोक ओढलं की सगळी बाहेर येते.
पिठाच्या पोत्याला ठीक.'
कोटाच्या कॉलरीत, कापड आणि कॅनव्हासच्या मध्ये
तिरपे टाके, दीडशे, दोनशे,
कापडाचा एकच धागा उचलणारे.
कॉलर त्यांच्यामुळं वळते,
कौतुक इस्त्रीचं होतं.

मशीनची टीप शिकवताना म्हणाली,
'दोन दोरे. कापडाच्या पोटातच भेटायला हवेत.
खाली फासे दिसले तर वरचा ढिला.
खालचा वर डोकावला तर वरच्याला ओढ जास्त.'
मी म्हटलं, 'संसारातही असंच?'
'मी मशीनबद्दल बोलतेय,' ती म्हणाली.

नोव्हेंबरात एकजण बापाचा ओव्हरकोट घेऊन आला.
बाप वारलेला. नातवाला बसेल असा करून हवा,
खांदे दोन बोटं आत.
मुलगा शेजारी उभा, नाक ओढत.

अस्तर मी उसवलं.
आतल्या खिशामागे कापडी पट्टी:
ओळ चार, साल एकोणऐंशी.
बाईनं चष्मा कपाळावरून खाली ओढला.
ओळ चार. उजवा मुंढा. तिचं मशीन.

त्या मशीनला खोड होती,
दहा टाके नीट, अकरावा गाळायचं.
मेकॅनिक येतो म्हणायचा, यायचा नाही.
आणि तपासणीच्या टेबलावर ब्रोनिस्वावा,
डावखुरी, ओठ मिटलेली,
जिच्याशी गेनोव्हेफा चौदा वर्षं बोलली नाही,
कारण पगारातून दंड कापला जायचा
आणि कुणीतरी सांगितलं होतं, हिच्यामुळं.

शिवण दिव्याखाली उलटी धरली.
दहा टाके, मग फट.
प्रत्येक फटीवर हाताची उलटी टीप,
एक पाऊल मागे, दोन पुढे,
घट्ट, बारीक,
आणि सगळी डावीकडे कललेली.

कोट परत पाठवायला एक खडूची फुली पुरली असती.

बाई काही बोलली नाही.
चहा गार झाला.
मी विचारलं, 'ही शिवण तशीच ठेवायची का?'
'वेडी आहेस? मुलाचा खांदा केवढा आहे!'
आणि ब्लेडनं तिनंच कापली,
एकेक टाका, खालून वर,
तुकडे जमिनीवर पडले, सकाळी केरात गेले.

नवी बाही मात्र मशीनवर नाही घातली.
मुंढ्याला हातटीपच बरी,
हात उचलला की थोडी देते, तुटत नाही,
हे मला ठाऊक होतं.
ठाऊक नव्हतं ते हे की ती
सुई डाव्या हातात घेईल.
अंगुस्तान त्या बोटाला बसेना.
दोनदा टोचलं. शिवी दिली, कुणाला ते कळलं नाही.
टाके वेडेवाकडे आले. उसवले. पुन्हा घातले.

शनिवारी गिऱ्हाइकानं मजुरी विचारली.
खांदे, बाह्या, अस्तर, बटणं, तिनं मोजली.
हातकामाचं काही लावलं नाही.
मुलानं कोट घातला, हात वर केले,
ट्रामची दांडी धरतात तसे,
आणि पायऱ्या चढताना
खिडकीत दिसले ते त्याचे बूट,
एकाची नाडी सुटलेली.