खांदेपालट

आवाज मोठा नव्हता.
ओली फांदी मोडते तसा,
आणि तो फक्त मलाच ऐकू आला.
कान्हेरीच्या ओढ्याकाठचा तो काळा धोंडा,
ज्याला आम्ही म्हैस म्हणतो,
तिच्या पुठ्ठ्यावरच्या बोटभर कपारीत
उजवा हात अडकवून लटकलो होतो
आणि पाय सुटले.
हेरंब खालून ओरडला, "धर!"
धरलं.
तीच चूक.

मग दोन महिने
शर्ट घालणं हीच चढाई:
आधी दुखरा हात, मग डोकं, मग उरलेला माणूस.
वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा
बायकोने ओट्यावर आणून ठेवला, काही न बोलता.
रात्री उजव्या कुशीला वळलो की
खांदा आधी जागा होई, मग मी.

मालाडच्या फरीदा लोखंडवाला
प्लास्टिकचा सांगाडा हलवून दाखवतात.
"हा गोळा, ही बशी. बघा किती उथळ.
चहाच्या बशीत लिंबू ठेवल्यासारखं आहे सगळं.
चार छोटे स्नायू धरून असतात म्हणून पडत नाही.
तुम्ही पंधरा वर्षं मोठ्यांनाच खाऊ घातलंत.
हे चौघे उपाशी."

चौघे म्हटल्यावर
माझ्या डोळ्यांपुढे वेगळेच चौघे आले,
पांढऱ्या सदऱ्यातले, अनवाणी.
मी हसलो.
बाईंना वाटलं, गुदगुल्या झाल्या.

खिडकीच्या गजाला पिवळा रबरी पट्टा.
काखेत पंच्याची घडी, ती पडू द्यायची नाही.
कोपर बरगडीशी ठेवून हात बाहेर न्यायचा,
दार उघडावं तसा.
पंधरा वेळा. थांबा. पुन्हा पंधरा.
समोरच्या बिल्डिंगमधला पोरगा
ग्रिलला नाक लावून बघत बसतो:
हा काका रोज कुठलं दार उघडतो,
आणि ते उघडत कसं नाही?

मग भिंत ढकलायची. भिंत हलत नाही,
खवाटे हलतात, पाठीवरून सरकतात,
पाट सरकवल्यासारखे.
"ओढणाऱ्याने ढकलायलाही शिकावं," बाई म्हणतात,
"आणि लटकताना खांदे कानांशी नेऊ नका.
कानांना काय सांगायचंय त्यांना?"

तिसऱ्या महिन्यात चौथ्या मजल्यावरचे पेडणेकर गेले.
माझा दोर गच्चीत वाळत पडलेला दिसला की
ओलांडून जायचे, तुडवत नसत,
आणि दर वेळी विचारायचे, "वर असतं काय रे?"

गल्ली खणलेली. शववाहिका नाक्यावर.
सवयीने मी उजवा पुढे केला.
कोणी एक म्हातारा, त्यांच्या गावाकडचा असावा,
मला दंडाला धरून पलीकडे घेऊन गेला.
"डावा द्या. उंची जुळत नाही."
माझ्या खांद्याची हकिकत त्याला काय ठाऊक.
शिंप्याच्या दुकानापाशी तो म्हणाला, "बदला."
एकजण म्हणाला, अजून दमलो नाही.
"म्हणूनच बदला," म्हातारा म्हणाला.
"दमल्यावर बदलायला गेलं की पडतं."

हे मला पंधरा वर्षांत
कुठल्याही कड्याने सांगितलं नव्हतं.
किंवा सांगितलं असेल,
मी वर बघत होतो.

डिसेंबर. म्हशीपाशी पुन्हा.
वीस मिनिटं नुसते हात फिरवले,
तोवर हेरंबने चिक्कीचं पाकीट संपवलं.
डावा पाय. टाच. उजवा पाय.
खांदे खाली, कानांपासून लांब.
भार पायांवर, पाय दगडावर,
दगड आपल्या जागी, निवांत.
ती कपार आली.
बोटं घातली. आत धूळ होती, एक मुंगी होती.
चौघे जागे झाले, कुरकुरले नाहीत,
पण त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, हे मला जाणवलं.

"जाईल की रे!" हेरंब.

जाईलही.
मी बोटं काढली
आणि आलो त्याच वाटेने, एकेक पाय शोधत,
उतरलो. पंधरा वर्षांत पहिल्यांदा,
उडी न मारता.

मग बॅगेतला पट्टा काढला,
ओढ्याकाठच्या करंजाला बांधला.
हेरंब म्हणाला, आता इथेही?
पंचा विसरलो होतो.
टोपीची घडी घातली काखेत.

एक.
दोन.